मिशीवरचा बुरखा

बुर्सा शहरात माझ्या कागदाच्या दुकानासमोर दुर्सुन राहायचा. पोथ्यांत चित्रं काढणारा नक्काश. त्याच्याबरोबर रेशीम विणणारा एल्वान. दोघांच्याही दाढ्या पिकायला लागल्या होत्या आणि गल्लीला सगळं ठाऊक होतं. "आज कोण रुसलंय रे तुमच्या घरी?" असं कुणी विचारलं की एल्वान म्हणायचा, "सूप करपलं, दोघंही रुसलोय."

मग मोठ्या मशिदीत नवा प्रवचनकार आला. त्याच्या माणसांनी कॉफीखाने बंद पाडले, गझला गाणाऱ्या एकाचे दात पाडले. गल्लीतली थट्टा थांबली. ती थांबली आणि दुर्सुनची झोप उडाली.

एका सकाळी मी त्याच्याकडे कागद द्यायला गेलो असताना एका बड्या घरचा कारभारी पोथी घेऊन आला. चित्रात बाग, दोन पुरुष, एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. शेजारी गझल.

"ह्याची मिशी घालवा, बुरखा चढवा. बाई करून टाका," कारभारी म्हणाला. "गझल राहू दे. आपल्या तुर्कीत तो काय नि ती काय, शब्द एकच." जाता जाता वळला. "चित्र कुणाचं हो, उस्ताद? प्रवचनकारांची माणसं विचारत होती."

"हा हात माझ्या ओळखीचा नाही," दुर्सुन म्हणाला.

चित्र त्याचंच होतं, तरुणपणी काढलेलं.

त्याने बुरखा रंगवला. पुढचं मला एल्वानने सांगितलं. चित्र बघून तो हसला होता. "झकास! आता मलाही एक रंगव, म्हणजे बाजारात तुझ्या शेजारून चालता येईल."

दुर्सुन हसला नाही. "तू कुताह्याला बहिणीकडे जा. थोडे दिवस."

"आणि तू?"

"जा म्हटलं ना!"

एल्वान काफिल्याबरोबर गेला. पुढे प्रवचनकाराचीही दुसरीकडे रवानगी झाली, कॉफीखाने उघडले. दुर्सुन मात्र फक्त फुलं काढायचा, तीही भरदिवसा दाराला अडसर लावून.

द्राक्षांच्या दिवसांत एल्वान परत आला. बराच वेळ दार ठोठावत राहिला. "दुर्सुन, मी आहे रे." वरच्या जाळीमागे सावली हलली, ती मी पाहिली. दार उघडलं नाही.

एल्वान माझ्या दुकानात येऊन बसला. "आजारी आहे का?"

"नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही रे. घाबरलाय."

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या काफिल्याने निघून गेला.

दुपारी दुर्सुन खाली आला, दाराच्या फटीतून मला हाक मारली. "एकटाच होता ना तो? मागावर कुणी नव्हतं?"