पिस्तुलाच्या परवान्यासाठी सही

शिक्रापुरात हायवेला लागून माझा दवाखाना आहे. वडगाव रासाईकडचे एक बागायतदार आणि त्यांची बायको, दोघंही माझे जुने पेशंट. त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. माणूस शरीरानं आणि मनानं ठीक आहे, एवढंच त्यावर लिहायचं.

दाखल्यासाठी ते यायच्या आदल्या दिवशी बायको एकटीच आली. बीपी तपासून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, उद्या ह्ये येत्याल. सही नका करू. पेले की पिस्तूल ताटाशेजारी ठिवून जेवत्यात. मी सांगितलं म्हणू नका फकस्त."

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, "दारू किती होते?"

"कवातरी."

"प्यायल्यावर घरात पिस्तूल बाहेर काढता का?"

तोंडातून गेलं आणि मी चपापले. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाले, "ह्ये फॉर्मवर हाय का, मॅडम?"

मी सही केली नाही, मानसोपचार तज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. ती टेबलावरच सोडून ते गेले. चार दिवसांनी त्यांनी मोबाईलवर दाखल्याचा फोटो पाठवला. दौंडच्या एका डॉक्टरांची सही, शिक्का.

मी त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "नजर चांगली, शुगर नॉर्मल. बोलायला सभ्य माणूस. मन काय स्टेथोस्कोपनं ऐकू येतं?" मी पोलिस ठाण्यातही गेले. तिथल्या हवालदारांनी समजावलं, "तक्रार बाईंनी द्यायला पाहिजे. कागद तर पूर्ण आहेत."

बाईंचं येणं बंद झालं. दोन महिन्यांनी दौंडला एका लग्नात दिसल्या. हात प्लास्टरमध्ये होता. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "पाय घसरला, मॅडम." मग आवाज खाली आणून, "तुमी आता काय इचारू नका. तुमी इचारलं की मला महागात पडतं." आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसल्या.

पिस्तूल अजून त्यांच्याकडेच आहे. मी मात्र परवान्याचे दाखले देणं बंद केलं, दारात तशी पाटी लावली. याला तत्त्व म्हणायची माझी हिंमत होत नाही. लोक पाटी वाचतात आणि पुढच्या दवाखान्यात जातात.