बाळाबाईचं तीर्थ

बाळाबाईला कुणी चहावाली म्हटलेलं खपायचं नाही. "च्या मी बाजूला करतो. माझं मुख्य काम दत्ताचं," असं ती पाव्हण्याला ठणकावून सांगायची, आणि वर त्याच्या ताटलीत दोन भजी जास्त टाकायची.

जोतिबाच्या वाटेवरचा तो तलाव तसा लहानच. मातीचा बांध, पाण्यात हंसाच्या तोंडाच्या पायंडलच्या बोटी, आणि बांधाच्या अलीकडच्या उतारावर बाळाबाईचं खोपटं. त्याच उतारावर एक उंबर आपोआप उगवला आणि बघता बघता कवेत मावेना. त्याच्या बुडातून पाण्याची बारीक धार निघाली. आता पलीकडं तुडुंब तलाव आणि अलीकडं पाणी झिरपतंय, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळावा. पण उंबर म्हणजे दत्ताचं झाड! गावानं हात जोडले आणि बाळाबाईनं धारेखाली तांब्या मांडला. तेव्हापासून ती 'तीर्थाची बाळाबाई' झाली. लग्नाकार्यात तिला पहिल्या पंगतीला बसवायला लागले. नृसिंहवाडीला जायला ज्यांचे गुडघे नाही म्हणायचे, ते म्हातारे "आता हीच आमची वाडी" म्हणायला लागले. मग काय, बाईचे पाय जमिनीला लागतात होय!

एकाच माणसानं ते तीर्थ कधी तोंडाला लावलं नाही, ती तिची जाऊ चिमणाबाई. बांधाच्या बरोबर खाली, ओढ्याकाठच्या वस्तीत पहिलं घर तिचं. वाटणीत पाटा एकीकडं आणि वरवंटा दुसरीकडं गेला, त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. कुणी चिमणाबाईचा विषय काढला की बाळाबाई "कोण?" असं विचारून मोकळी व्हायची.

पावसाळ्याच्या आधी बांध तपासायला दरवर्षी कोणीतरी साहेब यायचे, चहा प्यायचे, बांधाकडं लांबूनच मान डोलवायचे. यंदा भैरवी नावाची तरुण इंजिनिअर आली. तिनं सगळा बांध पायी पालथा घातला, खेकड्यांच्या बिळात काठ्या घालून बघितल्या आणि शेवटी उंबराखाली येऊन उभी राहिली.

"मावशी, बांधावर झाड नको. मुळं आत शिरतात आणि मुळांच्या कडेनं पाणी वाट काढतं."

"दत्त म्हाराज बांध फोडत्यात व्हय गं? शिकलीस तेवढी पुरं. च्या घे."

भैरवीनं चहा घेतला. मग तीर्थही ओंजळीत घेऊन उजेडात निरखलं. बाळाबाईला वाटलं, पोरगी भाविक दिसतीय की!

"पाणी नितळ आहे," भैरवी म्हणाली. "झाड काढायचं मी वर लिहून देते. पण तोवर यात माती दिसली, तर बांध आतून पोखरतोय असं समजा आणि त्याच घडीला मला फोन करा. खाली घरं आहेत."

झाड काढायचा हुकूम आलाही. सरपंच धैर्यशीलनं तो वाचला, उंबराला नमस्कार केला आणि "बघू की" म्हणाला. दत्ताच्या झाडाला हात लावून पुढची निवडणूक कोण हरणार?

श्रावणात तलाव काठोकाठ भरला. एका गुरुवारी तीर्थ तांबूस आलं. तांब्याच्या बुडाला गाळ बसला. रांगेतला एक भक्त ओरडला, "अंगारा! दत्तानं अंगारा दिला!" झालं! जो तो गाळाचं बोट कपाळाला लावायला लागला. धैर्यशील धावत आला आणि इथं देऊळ कुठं आणि गाड्या कुठं, याची जागा हातानं दाखवायला लागला. बाळाबाईनंही बोट लावलं. लावलं खरं, पण बोटांत चुरून बघितली तर ती बांधाचीच लाल माती.

तिनं खाली बघितलं. चिमणाबाई म्हशीला शिव्या घालत दारात बांधत होती. बोलावं, तर तीर्थ गेलं, मान गेला, आपण पुन्हा चहावाली. न बोलावं, तर...

बाळाबाईनं भैरवीला फोन लावला, आणि तो ठेवल्यावर अशी काही ओरडली की बोटीतली माणसंसुद्धा दचकली. "पुसा कपाळं! अंगारा न्हाय ह्यो, बांध वाहून चाललाय! भाईर काढा समद्यास्नी!" लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. त्यांना तसंच सोडून ती पदर खोचून उतारावरून घसरतच खाली गेली.

"चिमणे, निघ भाईर! बांध फुटतोय!"

"आनि माझी म्हस?"

"म्हस आन, गं बया, पर निघ!"

भैरवी माणसं आणि पंप घेऊन आली. तलावातलं पाणी उतरवलं, पाणी निघावं पण माती अडावी म्हणून धारेवर वाळू-खडीचे थर टाकले. बांध राहिला. वस्ती राहिली. भैरवीनं सांगितलं, पाऊस ओसरला की झाड मुळासकट निघालंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

पाऊस ओसरला. गावातला एक गडी उंबराला कुऱ्हाड लावेल तर शपथ! कुणाची कंबर धरली, कुणाला कुरुंदवाडच्या पाहुण्यांची आठवण झाली. शेवटी बाळाबाईनंच झाडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि हात जोडून चक्क भांडायलाच लागली.

"म्हाराज, रागवू नगासा. तुमच्यामुळं मला मान हुता, मला का गोड वाटतंय व्हय हे? पर तुमच्या पायाखाली मानसं ऱ्हात्यात. तुमास्नी दुसरं झाड मिळंल. मला दुसरी जाऊ कुठनं मिळायची?"

पहिला घाव तिनं घातला. दुसऱ्याला हात वर गेला, पण खाली येईना. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. तेव्हा गर्दीतनं चिमणाबाई पुढं आली आणि तिनं त्याच कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्या बाजूनं धरला.