कांगेकच्या वाटेवर सात वाव

रेगिनेमावशी रोज सकाळी बर्फाचा तुकडा कॉफीच्या भांड्यात टाकण्याआधी कानाशी धरायची. हिमनगाचा जुना बर्फ हातात तडतडतो, आत अडकलेली हवा सुटत असते. ती क्षणभर ऐकायची, मान हलवायची आणि तुकडा भांड्यात सोडायची. वस्तीत पाण्याची टाकी आली तरी तिने हे सोडलं नाही. "आज काय म्हणाला?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुझ्याबद्दल नव्हतं काही."

ती माझ्या आईची थोरली बहीण. अठ्ठावीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात हॅलिबट कापले. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "ज्याने मागणी घातली त्याच्या बर्फगाडीच्या कुत्र्यांना शिस्त नव्हती."

तिचा जन्म कांगेकचा. आमच्या उत्तरेला एक लांब फियॉर्ड आहे, कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, त्याच्या मुखापासून तीस मैल आत. ती अकरा वर्षांची असताना तिथलं दुकान बंद झालं, मग शाळा, मग माणसांनी घरांच्या फळ्या सुट्या करून होड्यांत घातल्या आणि इकडे येऊन पुन्हा ठोकल्या. मावशीची आई, म्हणजे माझी आजी, मात्र तिथेच राहिली, टेकडीवर, दगडांखाली. कबर नेमकी कुठे आहे हे ठाऊक असणारी मावशीच काय ती उरली होती. तिला एकदा तिथे जाऊन दगड नीट लावायचे होते. पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून उघड्या होडीतले धक्के तिला झेपत नव्हते. "पुढच्या उन्हाळ्यात," ती म्हणायची. असे सहा उन्हाळे गेले.

सातव्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, नेहमीचं प्रवासी जहाज आलं. लाल जाकिटातले शंभरेक लोक रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरले. "सगळ्यांची आई एकच दिसते," मावशी दरवर्षीप्रमाणे म्हणाली आणि सभागृहात त्यांच्यासाठी केक कापायला बसली. मी दुभाषी होते. जहाजाचा नवा कप्तान हालवर हा उत्तर नॉर्वेचा, कोळ्यांच्या घरातला. केक खाता खाता त्याने नकाशा पसरला. आमचा तो फियॉर्ड नकाशावर पांढराच होता, खोलीचा एक आकडाही नाही.

"आत जायची फार इच्छा आहे," तो म्हणाला. "पण तोंडाशी काय आहे कुणास ठाऊक."

मी हे मावशीला सांगितलं. ती हसली. "कुणास म्हणजे? मला ठाऊक आहे. तोंडाशी आडवा खडक आहे, पाण्याखाली. बाकी सगळीकडे दोरी संपते, तळ लागत नाही. खडकावर पूर्ण ओहोटीला सात वाव पाणी."

तिने दोन्ही हात पसरून दाखवले. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. कप्तानाला भाषांतर लागलंच नाही. त्याचे आजोबाही अशीच दोरी मोजत. त्याने मनात गुणाकार केला. "सुमारे तेरा मीटर. माझं जहाज पाण्याखाली पाच मीटर असतं. भरपूर झालं." आणि नकाशावर पेन्सिलीने तेरा लिहिलं. "बाई, तुम्हीही चला. वाट दाखवायला."

मावशीने ॲप्रन सोडलाही. दाराशी गेली, बुटात एक पाय घातला आणि तशीच थांबली.

"त्याला सांग, सात माझे होते."

"म्हणजे?"

"बाबा वल्ही धरायचे. गळाची दोरी मी ओढायची. नऊ वर्षांची होते मी. माझे हात केवढे असणार?"

मी हळूच म्हटलं, "मावशी, त्याने हो म्हटलंय. त्याच्याकडे यंत्रं आहेत. कशाला आता?"

"तू भाषांतर कर. शहाणपण घरी कर."

मी भाषांतर केलं. कप्तानाने पेन्सिल खाली ठेवली.

"तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि दुकानवाल्या डोर्तेला दंडाला धरून मध्ये ओढलं. आमच्या वस्तीत डोर्तेहून बुटकं मोठं माणूस नाही. मावशीने तिच्या कानाशी आडवा हात धरला. "एवढी."

"अगं, मी काय मोजपट्टी आहे?" डोर्ते ओरडली.

"हलू नकोस. जहाज बुडेल."

"बुडलं तर मी बुटकी म्हणून बुडालं असं सांगशील!"

शाळेतल्या बाईंनी टेप आणला. जमिनीपासून मावशीच्या तळव्यापर्यंत एक मीटर बत्तीस. माणूस जेवढा उंच, तेवढेच त्याचे पसरलेले हात. सात वेळा धरले तर नऊ मीटर वीस. कप्तानाने तेरा खोडलं. बराच वेळ तो काही लिहीना. मावशी एका बुटात उभी होती आणि दुसऱ्या बुटाकडे पाहत होती.

"चार मीटर राहतात खाली," तो शेवटी म्हणाला. "ओहोटीला नको. आधी लहान होडी पाठवून मोजून घेतो. तुम्ही म्हणता तेवढं निघालं, तर भरतीला आत."

होडी मोजून परत आली. ओहोटीला नऊ मीटर दहा. "मी नेहमी दोरी जरा ढिली धरायचे," मावशी म्हणाली. "बाबा रागवायचे."

दुपारच्या भरतीला जहाज इतकं हळू आत गेलं, की कड्यांवरचे पक्षीसुद्धा उठले नाहीत. मावशी वर, कप्तानाशेजारी, उंच खुर्चीवर बसली होती. खडक मागे पडला. मग कप्तानाने तिच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला आणि तिने दोन घेतली.

कांगेकला घरांचे नुसते दगडी पाये उरलेत, आत गुडघाभर गवत. लाल जाकिटवाले न सांगताच खाली किनाऱ्यावर थांबले. मावशी काठी टेकत टेकडी चढली आणि एका मोठ्या दगडाला वळसा घालून उभी राहिली. क्रूस आडवा पडला होता. मी आणि कप्तानाने तो उभा केला, दगड तिने स्वतः लावले. आम्ही मदत करायला गेलो की हात झटकायची. झाल्यावर तिथल्याच झुडपाची काळी फळं तोडून तिने मूठभर खाल्ली. "आई, उशीर झाला," ती म्हणाली. "या लोकांना आधी कॉफी लागते."

त्यानंतर पाच उन्हाळे जहाज तिला घेऊन आत गेलं. ती लोकांना दाखवायची, इथे दुकान, इथे आमचं दार, इथे मी पडले. तिसऱ्या वर्षी एका खलाशाने विचारलं, कंटाळा येत नाही का? तर म्हणाली, दरवर्षी नवं काहीतरी आठवतं, आणि नाही आठवलं तर रचते.

सहाव्या वर्षी, जूनमध्ये, तिला हेलिकॉप्टरने मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. ती तिथून परतली नाही. नेलं त्या सकाळी वारा पडलेला होता आणि समुद्र बर्फातून मोकळा व्हायला लागला होता. स्ट्रेचरवर तिला पट्टे बांधत असताना तिने मला खूण करून जवळ बोलावलं. ऑगस्टमध्ये लोकांना कांगेकला तूच घेऊन जा, असं ती आदल्या दिवशीच सांगून मोकळी झाली होती. आता तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"हे बूट चालायचे नाहीत. ओढ्याजवळ चिखल असतो तिथे. उंच घाल."