तेल खराब होण्याची वाट

गोटीरामच्या ट्रकचं इंजिन तेल पीत नाही, हे तुर्भ्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण ते ऐकवल्याशिवाय तो कुणाला चहासुद्धा पिऊ देत नाही. याच इंजिनाने त्याचा जीव नकोसा केला होता, हे मात्र त्याने फक्त मला सांगितलं. मी त्याचा शेजारी. त्याच्या वेडेपणावर चिडणं हे माझंच काम.

त्याची मुलगी जागृती पुण्याला सासरी असते, आणि तिथेच वापरलेलं इंजिन ऑइल तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. पूर्वी तेल बदलायची वेळ आली की ती स्वतः यायची, गरम इंजिनातून नमुन्याची बाटली भरायची आणि बापाच्या हातचं जिताडा माशाचं कालवण जेवून जायची. बायको गेल्यापासून गोटीरामच्या घरात तेवढाच एक सण उरला होता.

पण रिपोर्ट दर वेळी उत्तम. तेलात ना लोखंडाचा कीस, ना पाणी. "बाबा, एवढं चांगलं तेल फेकू नकोस, अजून चालव," ती म्हणायची. तेल बदलणं लांबत गेलं, तसं तिचं येणंही लांबलं. शेवटी तर म्हणाली, बाटली कुरिअर कर. मग घर त्याला खायला उठायचं.

"सरळ ये म्हण ना तिला," मी खेकसलो.

"पोरीला संसार हाय. कामाबिगर कशी बोलवू?"

आणि या शहाण्याने काय केलं, तर धनेशच्या गॅरेजमधल्या काळ्या तेलाच्या पिंपातून बाटली भरून पाठवली. त्या पिंपात अख्ख्या तुर्भ्याच्या मोटरसायकलींचं तेल. दोन दिवसांत जागृतीचा फोन आला, "गाडी हलवू नकोस, मी येते." गोटीराम लगेच जिताडं शोधायला पळाला.

ती आली, पोटभर जेवली आणि हात पुसत म्हणाली, "तेलात पेट्रोल निघालं, बाबा. आपली गाडी डिझेलची."

गोटीरामची मान खाली गेली. "म्हंजे तुला तिकडंच समजलं?"

"हो."

"मंग आलीस कशाला?"

"सासरी सांगायला मलाही कारण लागतंच ना. रिपोर्ट दाखवला आणि निघाले. तुझी लई आठवण येते रे."

गोटीराम तिच्यासमोरच रडला. मलाही भरून आलं, म्हणून मी उगाच ट्रकभोवती एक फेरी मारली.

निघण्याआधी तिने इंजिन गरम करून खरी बाटली भरली. तेल उत्तम निघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि पुढची बाटली कुठल्या पिंपातून भरायची, हेही.