गुप्तहेरांनी ऐकलेली प्रेमकथा

लिफ्टदुरुस्तीत उभा जन्म काढलेल्या काकांना सगळी इमारत 'गुप्तहेर' म्हणायची. कारण साधं होतं. काका रहस्यकथांपलीकडे काही वाचतच नसत. ते जिना चढताना दिसले, की वाचनालयाच्या बाई एखादा ताजा खून काढूनच ठेवत. जेवतानाही पुस्तक ताटाशेजारी असायचं. काकूंनी "भाजीला मीठ बरोबर आहे ना?" विचारलं, तर उत्तर यायचं, "मला स्वयंपाक्याचाच संशय येतोय."

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायला साफ मनाई केली. काळा चष्मा लावून काका या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. काकूंना राहवेना.

"अहो, मी वाचून दाखवते. पण खूनबिन मला झेपायचे नाहीत. माझं पुस्तक वाचीन."

"म्हणजे ते रडकं?"

"ऐकायचं तर ऐका, नाहीतर बसा भिंतीकडे बघत."

काका बसले. कादंबरी जाडजूड होती. एक नर्स आणि एक बोटीवरचा खलाशी. पहिल्या दिवशी काका कोण मरणार याचाच अंदाज बांधत होते.

"हा फार गोड बोलतोय. नक्की विष घालणार तिला."

"अहो, मागणी घालतोय तो!"

काकांनी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी जेवण उरकताच खुर्ची ओढून तेच आधी हजर. संध्याकाळी काकूंनी पुस्तक मिटलं.

"पुरे आता. घसा बसला माझा."

काका उठले, चाचपडत स्वयंपाकघरात गेले आणि कोमट पाणी घेऊन आले. "एवढंच सांग, ती हो म्हणते का?"

"उद्या बघू."

"अगं, पण तो बिचारा तिकडे धक्क्यावर उभा आहे!"

काकूंना हसू आवरेना. पाणी पिऊन त्यांनी पुढे वाचलं. नर्स धावत धक्क्यावर पोचली, तेव्हा काकांनी काळ्या चष्म्याखाली हळूच रुमाल सरकवला.

"औषधाची वेळ झाली वाटतं," ते म्हणाले. काकूंनी पान उलटलं.

नवा चष्मा आल्यावर काका वाचनालयात गेले. बाईंनी नेहमीप्रमाणे खून पुढे केला.

"हा राहू द्या. दुसरं काहीतरी द्या."

"दुसरं म्हणजे काय?"

"ते मला कुठे माहीत? तुम्हीच सांगा."

बाईंनी अवकाशातली कथा दिली. तिच्यात थेट आभाळात जाणारी लिफ्ट होती. "हिला कोणी तेलपाणी करतं की नाही?" असं पुटपुटत काकांनी ती संपवली. कविता मात्र पचल्या नाहीत. दोन पानांत पुस्तक छातीवर आणि काका घोरायला लागलेले. वाळवंटातलं प्रवासवर्णन इतकं आवडलं, की काकू भाजी चिरत असताना ते मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

उंटांचा तांडा मुक्कामाला पोचला आणि पुस्तक संपलं. काकूंनी सुरी खाली ठेवली.

"आता भुताचं आणा एखादं."

काका चमकले. "खून चालत नाही आणि भूत चालतं तुला?"

"भूत आधीच मेलेलं असतं. त्याचं आणखी काय वाईट व्हायचंय?"

 काकांनी चपला पायात सरकवल्या आणि वाचनालय बंद व्हायच्या आत गाठायला निघाले.