विठ्ठलरावांच्या फोटोखालची ओळ

यवतमाळात नुजहतचं दुकान म्हणजे एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर आणि दारात बसलेले तिचे अब्बू, रहेमानभाई. ‘वेबसाइट बनवून मिळेल’ ही पाटी लावून वर्ष झालं, पण लोक यायचे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला. अब्बूंनी शेवटी सांगून टाकलं, "एक कंपनी आणून दाखव. नाहीतर कॉम्प्युटर विकून टाकतो, बेटा."

आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी खरंच आली. कपाशीवरच्या किडीचा इशारा मोबाइलवर पाठवायचा, हा तिचा धंदा. मालक रजत पुण्यात शिकलेला. त्याला सगळी साइट काळी हवी होती. काळ्यावर म्हणे तंत्रज्ञान उठून दिसतं. इशारे घेणारे नेरचे विठ्ठलराव नुजहतने गाठले, त्यांचा फोटो काळ्या पानावर मधोमध बसवला, खाली नाव आणि गाव टाकलं. काम झकास झालं. हौसेने तिने प्रिंट काढून दुकानाच्या काचेवर चिकटवली.

तिथंच घात झाला. त्या वर्षांत आमच्याकडे कास्तकाराचा फोटो नावागावासकट छापून यायचा तो एकाच कारणाने: त्याने जीव दिला म्हणून. बाजाराला आलेल्या कुणीतरी काच पाहिली, फोन केले, आणि दुपारी सोयरे रडतच विठ्ठलरावांच्या अंगणात उतरले. विठ्ठलराव गोठ्यात शेण काढत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको कोकिळाबाई दुकानात उभी. "माह्या जित्त्या माणसाले काहून मारलं, पोरी?"

नुजहतला मान वर करवेना. तिने काचेवरची प्रिंट काढून टाकली, साइटचं पान पांढरं केलं. तरी बाई हलेनात. "खाली लिही, थे जित्ते हायेत म्हून."

नुजहतने लिहिलं: ‘विठ्ठलराव सुखरूप आहेत. सकाळी शेतात भेटतात.’

रजतला पांढरं पान चाललं, ओळ चालली नाही. "कंपनीच्या साइटवर हालहवाल कशाला? उद्या येतो. ओळ दिसली तर काम दुसऱ्याला."

सकाळी रजतच्या आधी नेरहून रुखमाबाई आल्या. हातात नवऱ्याचा, देवीलालचा, लग्नातला फोटो. "कोकिळानं सांगतलं. ह्यायच्या खाली बी तेच लिहून दे."

"ते मोबाइलवर इशारे घेतात का, मावशी?"

"नाही वो. थे बोलतच नाहीत आता. जेवत बी नाहीत."

नुजहतने अब्बूंकडे पाहिलं. गिऱ्हाइकासाठी वर्षभर टोमणे मारणारे अब्बू उठले आणि शटर खाली ओढू लागले. "चाल. नेरची गाडी निघून जाईन."

कुलूप पाहून रजत परत गेला, आणि काम गेलं ते गेलंच.

नेरला देवीलाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. नुजहत खाली जमिनीवर बसली आणि तिने त्याला विठ्ठलरावांची सगळी हकिगत सांगितली. सोयरे कसे आले, शेणाच्या हातांनी विठ्ठलराव कसे समोर आले. मग विचारलं, "काका, तुमच्या फोटोखाली मी तसंच लिहू का? खोटं नाही लिहायची मी."

देवीलालने कूस बदलली. त्याचे डोळे भरले होते.

"लिही," तो म्हणाला.