माझी लेकरं जिती हायत

पडद्यावर माझं तोंड. भिंतीएवढं. रडणारं. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘बॉम्बहल्ल्यात दोन्ही लेकरं गमावलेली आई.’

आणि पोरं हसत होती. “आरं, ही तर आपली चहावाली मावशी बे!”

मी दारात, हातात किटली. केजच्या या प्रशिक्षण केंद्रात मी स्वयंपाक करते. सातवीत शाळा सुटली. गाव किनवटच्या पल्याड, लेकरं तिकडंच, माझ्या आईजवळ. इथं काम मिळालं, राहायला खोली मिळाली, म्हणून सगळ्यांचे उपकार मानत खालमानेनं वावरायचे. हे सुटलं तर जायचं कुठं, ही धास्ती कायम पोटात.

पुण्याचे सर पोरांना व्हायरल व्हिडिओतलं खरंखोटं ओळखायला शिकवत होते. आदल्या दिवशी त्यांनी कुठल्यातरी लांबच्या लढाईचा व्हिडिओ लावला. पडलेली घरं, धूळ, एक बाई हातानं ढिगारा उपसतेय. चहा देता देता मला रडू फुटलं. सरांनी तेवढ्यात मोबाइल काढला होता. मला कळलंही नाही.

“बघा,” सर म्हणाले, “चेहरा खरा, मजकूर मी टाकलेला, खोटा. अशी फसवतात माणसं. मावशी, एक्स्प्रेशन मस्त दिलंत हं!”

मस्त. माझी जिती लेकरं मारून मस्त.

आमच्याकडं लेकराबद्दल कुणी चुकून जरी वाकडं बोललं, तरी त्या लेकराची आई त्याला तिथल्या तिथं बोल मागं घ्यायला लावते. मग तो सोयरा असो नाहीतर सावकार.

किटली खाली ठेवली. पडद्यापुढं जाऊन उभी राहिले. ती अक्षरं माझ्या साडीवर आली.

“सर, माझी लेकरं जिती हायत. बोल मागं घ्या.”

“अहो मावशी, नुसतं उदाहरण आहे.”

“मग तुमच्या आईचा फोटो लावा. खाली लिहा, पोरगा मेला म्हणून.”

हसू थांबलं.

“तुम्ही जरा बाहेर या. बोलू आपण.”

“बाहेर कावून? लावलं हितं. मागं बी हितंच घ्या.”

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. काहीतरी पुटपुटले.

“पोरांना ऐकू जाऊ द्या.”

“चुकलं माझं,” सर म्हणाले. मोठ्यानं. माझ्याकडं न बघता.

संध्याकाळी केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, “एवढं मनाला लावून घेऊ नको. काम गेलं तर काय करशील?”

माहीत नाही. धास्ती अजून आहे. उपकारही मानते. पण खोलीच्या बदल्यात मी माझं तोंड दिलेलं नाही. ढिगारा उपसणाऱ्या त्या बाईलाही ‘व्हिडिओ काढू का?’ असं कुणी विचारलं नसेल. त्या वर्गात हा प्रश्न अजून कुणी शिकवलेला नाही.

उद्यापासून चहा ठेवून मी माघारी फिरणार नाही. खुर्ची ओढून पुढं बसणार. माझ्यापुढं मोबाइल धरणाऱ्यानं आधी मला विचारायचं. आणि मी न्हाई म्हणलं, की न्हाई.